साडूचा लोखंडी रंधा

तीर्थपुरीत बिभीषण सुताराचे दुकान आणि माझे घर यांच्यात एकच भिंत आहे. शाळेत शिकवत होते तोवर त्या भिंतीचे मला काही वाटले नाही. निवृत्त झाले आणि ती दिवसभर बोलायला लागली. रंधा नीट चालत असला की नवे कापड फाडल्यासारखा लांब, सरळ आवाज येतो. बिभीषणचे काही बिनसले की तो आवाज बंद होतो आणि दगडावर पाते घासल्याचा सुरू होतो. मग त्याची बायको दुर्गाबाई मागच्या अंगणातून मला सांगते, "बाई, आज धार लावून राह्यले. दुकानात जाऊ नका."

"कोणाचं कौतुक कानावर आलं?" असे मी विचारते, कारण धार लावण्यामागे बहुतेक वेळा तेच असते.

बिभीषण साठीला आला आहे. अंगाने काटकुळा, पण मनगटे दुसऱ्या कोणाची आणून लावल्यासारखी जाड. त्याला राग असा कधी येत नाही. त्याला हेवा वाटतो. गावात कोणी दुसऱ्या सुताराचे दार चांगले म्हटले की तो निमूट ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो, "लागतं का बराबर?" लागत असेल तर म्हणतो, "पावसाळा जाऊ द्या." पावसाळा जाऊनही ते दार लागतच राहिले तर त्या घरावरून जायचे तो टाळतो. हा हेवा नुसता सुतारांपुरता नाही. शिंप्याच्या ओट्यावर बायका ब्लाउजसाठी ताटकळत बसतात, याचेही त्याला वाईट वाटते. "सुताराच्या दारात कोण बसतं वो बाई?" तो मला एकदा म्हणाला होता. "फोन करत्यात नुसते."

पण हेव्यापायी त्याने कोणाचे वाईट केलेले मला माहीत नाही. तो फक्त आपले काम आणखी बारीक करायला बसतो. वर्गात अशी मुले असतात. शेजारच्याला पैकीच्या पैकी पडले की ती रडत नाहीत, भांडत नाहीत, पेन्सिलीला टोक करत बसतात.

त्याच्या रंध्याचा ठोकळा बाभळीचा आहे आणि पाते वडिलांचे. रंधा कसा असतो हे मी त्याच्याकडूनच समजून घेतले. पात्याला एका बाजूने उतार देऊन धार काढतात. दुसरी बाजू सपाट असते, तिला पाठ म्हणायचे. बिभीषणच्या रंध्यात पाते तिरपे उभे राहते, उताराची बाजू खाली आणि पाठ वर. पाठीवर एक लोखंडी पट्टी बसते. सालपट उठले की ती पट्टी त्याला लगेच मोडते, म्हणजे लाकूड पुढे चिरत जात नाही. पाठीबद्दल त्याच्या वडिलांचा नियम होता. ती दगडावर सपाट टेकवून आरशासारखी ठेवायची, तिला कधीही उतार द्यायचा नाही. दसऱ्याला हत्यारे पूजताना बिभीषण ते पाते पाठ वर करून मांडतो आणि कुंकवाचे बोट पाठीलाच लावतो.

असे सगळे ठीक चालले असताना त्याचा साडू गावात राहायला आला.

रामप्रसाद म्हणजे दुर्गाबाईच्या धाकट्या बहिणीचा, चांगुणाबाईचा नवरा. तोही सुतारच, पण त्याची सारी उमर पुण्याकडे एका फर्निचरच्या कारखान्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने त्याला आठवण म्हणून तो वापरत होता तोच लोखंडी रंधा दिला. बहिणीजवळ राहायचे असा हट्ट चांगुणाबाईने धरला आणि रामप्रसादने आमच्या रस्त्यावर, बिभीषणच्या दुकानाच्या अगदी समोर पत्र्याचे शेड टाकले. दोघी बहिणींना आनंद झाला. एकीने फोडणी दिली की दुसरीला वास जातो, एवढे अंतर.

रामप्रसाद बोलका माणूस. सुपारी चघळत बोलतो, आणि हत्यार दाखवायचे असले की ते आधी सदऱ्याला पुसतो. पहिल्याच दिवशी त्याने तो रंधा पुसून बिभीषणच्या हातात दिला. मी शेडच्या दाराशी उभी होते.

बिभीषणने तो वजनाला तोलला, उलटा केला, तोंडात डोकावून पाहिले. आत पाते उभे नव्हते, जवळजवळ आडवे निजले होते.

"पातं उलटं बसलंय की," तो म्हणाला.

"उलटं न्हाई, साडूभाऊ. ह्याचं असंच असतं. उतार वर, पाठ खाली."

"मंग पट्टी कुठं बसती?"

"पट्टीच न्हाई ह्याला."

"बनवणारे इसरले वाटतं टोपी घालायला."

रामप्रसाद हसला. त्याने सागाचा एक ठोकळा बाकावरच्या शेगड्याच्या पकडीत आवळला आणि त्याच्या कापलेल्या तोंडावर रंधा मारला. लाकडाच्या रेषा जिथे तुटून वर येतात, तिथे कोणताही रंधा अडखळतो, कडा फुटते. हा अडखळला नाही. मुळ्याची चकती निघावी तशी पातळ चकती निघाली.

"तोंडाला हा चांगला," रामप्रसाद म्हणाला. "आन गाठीला दुसरं पातं हाये, जास्ती खड्या उताराचं. ह्याच्यात उतार वर असल्यामुळं पातं बदललं की रंध्याचा सभावच बदलतो. तुमच्यात उतार खाली दडलेला. तो कमी करा, जास्ती करा, लाकडाला पत्ताच लागत न्हाई. पण लांब फळीला तुमचाच बरा, हां. माणसाजवळ दोन्ही पाहिजेत."

हे तो मनापासून बोलला, असे मला वाटते. बिभीषणने ती चकती उचलली, उजेडाकडे धरली, खिशात टाकली आणि "बरंय" म्हणाला. अर्ध्या तासात भिंतीतून दगडाचा आवाज सुरू झाला.

पुढचे वर्षभर तो आवाज बऱ्याचदा ऐकू आला. लोक नव्या माणसाकडे जातात तसे रामप्रसादकडेही जायला लागले. बिभीषण दुकानात अशा ठिकाणी बसायला लागला की समोरचे शेड दिसावे, आणि कोणी विचारले तर सांगायचा की इथे उजेड चांगला येतो. सगळ्यात मोठा घाव घरातूनच बसला. दुर्गाबाईच्या पोळपाटाची कड फुटून हाताला लागत होती. ती महिनाभर नवऱ्याला सांगत होती. शेवटी ती समोर गेली आणि रामप्रसादकडून कड घासून घेऊन आली. बिभीषणने त्या रात्री पोळीला हात लावला नाही, नुसता भात खाल्ला.

"सुताराची बायको पोळपाट घेऊन रस्ता ओलांडती," तो मला म्हणाला. "अख्ख्या बाजारानं बघितलं."

"मंग तुम्ही करायचा ना," दुर्गाबाई आतून म्हणाली.

"करणारच होतो."

"हो. पावसाळा गेल्यावर."

गोपिकाबाईच्या दाराचे काम निघाले ते याच सुमाराला. अंबडच्या रस्त्याला त्यांची वस्ती आहे. सासऱ्यापर्यंत त्यांचे घर मेंढरांमागे फिरत होते. आता कापूस आहे, तूर आहे आणि दावणीला थोडी मेंढरे, बहुधा म्हातारीला करमावे म्हणून. मुलगा सोमेश्वर माझा विद्यार्थी. त्याने नवे घर बांधले, फरशी बसवली, खिडक्या लोखंडी केल्या. पण समोरचे दार बाजारातले आणायचे नाही, मेंढवाड्यातल्या कडुलिंबाचे करायचे, असे गोपिकाबाईने सांगितले होते. तो लिंब वादळात आडवा झाला होता. फळ्या पाडून त्या दोन उन्हाळे वाळवल्या होत्या.

त्यांच्या घरची एक रीत आहे. दार ज्या दिवशी लागते त्या दिवशी ते करणाऱ्याच्या खांद्यावर घरची घोंगडी घालतात. गोपिकाबाईच्या भावाकडे अजून हातमाग आहे. त्याने काळ्या लोकरीची एक घोंगडी विणून पाठवली होती.

अडचण अशी झाली की म्हातारीच्या मनात बिभीषण होता आणि सोमेश्वरने रामप्रसादचे काम पाहिले होते. मायलेकांचे दोन दिवस वाजले. मग गोपिकाबाईने दोघा साडूंना वस्तीवर बोलावून निकाल सांगितला.

"दाराला झडपा दोन. एक तू कर, एक ह्याला करू दे. लाकूड एकाच झाडाचं हाये. भांडू नका."

"आन घोंगडी?" रामप्रसादने हसत विचारले.

"घोंगडी एकच हाये. बघू दार लागल्यावर."

बिभीषण हसला नाही. त्याने लगेच सांगून टाकले की मधल्या पट्टीची झडप तो करणार. दोन झडपांच्या दारात एका झडपेला मध्ये उभी पट्टी असते. ती आधी उघडते आणि शेवटी लागते. येणारा जाणारा हात टेकतो तो तिलाच. दुसरी झडप बहुतेक वेळा वरखाली कड्या लावून बंद असते, लग्नकार्याला उघडते. रामप्रसादला हे कळत होते. तरी तो "घ्या, तुम्ही वडील," म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

त्या दिवसापासून बिभीषणपुढे एकच प्रश्न होता. या दोन झडपा आयुष्यभर शेजारी शेजारी राहणार. मळणीला येणारे, पाहुणे, सोयरे, सगळे त्यांच्यासमोर उभे राहून चपला काढणार. आपली झडप साडूच्या झडपेहून उणी दिसली तर ती रोज दिसणार.

दोघांनी वस्तीवरच काम मांडले, अंगणाच्या दोन टोकांना. कडुलिंब हे फसवे लाकूड आहे. त्याच्या रेषा एका थरात इकडे वळतात, दुसऱ्या थरात तिकडे. रंधा एकीकडून गुळगुळीत करत जातो, तेवढ्यात शेजारची रेषा उपटून येते. त्यात बिभीषणच्या झडपेत एक गाठ होती, पूर्वी फांदी फुटली असेल तिथली. फळ्या निवडल्याही त्यानेच होत्या, रंग बघून. जोडल्यावर ती गाठ नेमकी छातीच्या उंचीवर आली, जिथे माणूस हात टेकून दार लोटतो.

त्याने रंधा इकडून मारला, तिकडून मारला. रंध्यातली लोखंडी पट्टी धारेच्या अगदी काठाला आणली. बाकीची झडप छान झाली, गाठीभोवती मात्र तळहाताएवढा भाग मांजराने ओरबाडल्यासारखा राहिला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रामप्रसादने आपल्या रंध्यात ते खड्या उताराचे पाते घातले आणि त्याची झडप पाण्यासारखी झाली.

पुढचे मला सोमेश्वरने सांगितले. त्याला गोष्ट फुगवायची सवय नाही. दुपारी रामप्रसाद पात्याला धार लावत होता. जेवायला हाक आली तसा तो पाते आणि रंधा वेगवेगळे ठेवून उठला. बिभीषण म्हणाला, मला भूक नाही. अंगण रिकामे झाले. सोमेश्वर मोटर बंद करून परत आला तेव्हा बिभीषण साडूचा रंधा आपल्या झडपेवर जोर लावून ढकलत होता. एक सालपट निघत नव्हते. रंधा नुसता सरकत होता आणि लाकडावर काळसर, चकचकीत पट्टा उठत होता.

"बघ सोमेश्वर," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "हे ह्याचं पुण्याचं हत्यार. गाठीवर चालतच न्हाई. नुसतं नाव मोठं. तुझ्या आईला बोलाव."

गोपिकाबाई आली. तिच्यामागे हात पुसत रामप्रसाद आला. त्याने रंधा घेतला, उलटा केला आणि आत पाहिले. चाळीस वर्षे हातांना जी सवय होती त्याप्रमाणे बिभीषणने पाते बसवले होते. उतार खाली, पाठ वर. त्या आडव्या रंध्यात तसे बसवले की पात्याची टाच, म्हणजे उताराची मागची कड, आधी लाकडाला लागते आणि धार वरच राहते. ते कापणार कसे?

"साडूभाऊ," रामप्रसाद म्हणाला, "पातं उताणं झोपणारं हाये, तुम्ही त्याला पालथं झोपवलं. गुदमरलं असंल बिचारं."

सोमेश्वर हसला. गोपिकाबाईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. बिभीषणने ते पाहिले.

रामप्रसादला बहुतेक आपण जास्त बोललो असे वाटले. त्याने पाते नीट बसवले आणि जवळ येऊन हळू म्हणाला, "आणा. मी मारून देतो गाठीवर दोन हात. कोणाला कळन?"

"मला कळन," बिभीषण म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने झडप छोट्या टेम्पोत घालून दुकानात आणली. राहिलेले काम इथे करीन म्हणाला. मग भिंतीतून कसलाच आवाज येईना, दगडाचासुद्धा नाही. ते मला बरे वाटले नाही. मी मागच्या अंगणात गेले तर दुर्गाबाई पिठाचे हात घेऊन उभी होती.

"जेवले का?" मी विचारले.

"कशाचं. एवढं जळून राह्यले, म्हटलं तवा तुमच्यावरच ठेवते, गॅस तरी वाचंल."



दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपणहून माझ्या पायरीवर येऊन बसला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेले वडिलांचे पाते होते.

"बाई, त्याचं पातं मी उलटं बसवलं तर ते का कापलं न्हाई, हे मला रातभर इचार करून कळलं," तो म्हणाला. "टाच टेकली म्हणून. ते सोडा. पण त्यातून दुसरं एक ध्यानात आलं. लाकडाला पात्याची फक्त वरची बाजू कळती. खाली काय हाये, लाकूड बघत न्हाई. त्याच्या वरच्या बाजूला उतार, म्हणून तो पाहिजे तसा कोन करतो. माझ्या वरच्या बाजूला पाठ. सपाट."

"बरं मग?"

"मंग मी पाठीलाच केसाएवढा उतार दिला, तर माझंबी पातं गाठीवर खडं उभं राहीन. ठोकळा तोच, रंधा तोच."

त्याने फडके सोडले. पाठ इतकी लख्ख होती की तिच्यात माझ्या दाराचे तोरण दिसत होते.

"दुसरं एखादं पातं नाही का?" मी विचारले.

"हाये. अरुंद हाये, ह्या ठोकळ्यात बसत न्हाई." मग पाते फडक्याने पुसत म्हणाला, "बाबांनी हात धरून शिकवल्तं. पाठ बिघडवली की सुतार बिघडला, म्हणायचे. मी कोणाच्या पात्याची पाठ बघूनच सांगतो, हा कसा हाये ते."

"साडूला मागून घे ना त्याचं पातं. तो देईल."

"देईल की," बिभीषण म्हणाला. "तीच तर परेशानी हाये. तो देईल आन अख्ख्या घरात सांगंल."

तो सल्ला मागायला आला नसावा. त्याला कोणासमोर तरी ते पाते एकदा तसेच्या तसे उघडून बघायचे होते.

दुसऱ्या सकाळी भिंतीतून दगडाचा आवाज आला, पण नेहमीचा नाही. थोडे घासणे, मग बराच वेळ शांतता, पुन्हा थोडे. त्यानंतर रंध्याचा आवाज, आखूड आणि जाडसर. तो थांबल्यावर त्याने मला हाक मारली. झडप बाकावर आडवी होती. त्याने माझा हात धरून गाठीवर ठेवला. परातीच्या तळावरून हात फिरवावा तसे लागले. गाठ होती, डोळ्याला दिसत होती, तिची वळणे गुळासारख्या रंगाची होऊन उठून आली होती, पण हाताला ती सापडत नव्हती.

"जमलं की रे," मी म्हणाले.

"जमलं," तो म्हणाला. पात्याच्या पाठीवर, धारेला लागून, केसाएवढी एक रेघ चमकत होती. तो झडपेकडे न बघता त्या रेघेकडेच बघत होता. मग त्याने पाते फडक्यात गुंडाळले आणि दुर्गाबाईलाही दाखवले नाही.

दार लागले त्या दिवशी वस्तीवर मीही गेले होते. दोन्ही झडपा चढल्या, बिजागऱ्या बसल्या, उघडझाप झाली. दोन्हींपैकी एकही उणी नव्हती. रामप्रसादची झडप पाण्यासारखी, बिभीषणची त्याच पाण्यात भोवरा पडावा तशी. रामप्रसाद गाठीसमोर वाकला. अंगठा फिरवला. मग डोके तिरपे करून उजेडाच्या रेषेत पाहिले. त्याचे सुपारी चघळणे थांबले होते. बिभीषण दुसरीकडे बघत होता, पण त्याचे कान मागे लागले होते.

गोपिकाबाईने घोंगडी आणली. ती थेट बिभीषणकडे गेली आणि तिने ती त्याच्या खांद्यावर घातली. रामप्रसादला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला.

"तुझ्या बापानं आमचं पहिलं दार केल्तं," ती बिभीषणला म्हणाली. "मेंढरामागून येऊन आम्ही पहिल्यांदा भिंतीच्या आत निजलो ते त्या दारामागं. त्याला द्यायची राहिलेली हाये ही, असं समज."

बिभीषण पाया पडला. मग उठता उठता हळूच म्हणाला, "मावशी, झडप बघितली का?"

"बघितली की. दोन्ही चांगल्या झाल्या."

हे ऐकून त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. ज्या घोंगडीसाठी त्याने इतके केले ती अंगावर होती, आणि ती त्याच्या झडपेची नव्हती. ती बापाची होती. त्याच बापाच्या पात्याची पाठ त्याने दोन दिवसांपूर्वी बिघडवली होती.

परत येताना सोमेश्वरच्या जीपमध्ये आम्ही तिघे मागे बसलो होतो. चैत्रातले ऊन होते तरी बिभीषणने घोंगडी खांद्यावरून काढली नाही.

"ऊब देती का, साडूभाऊ?" रामप्रसादने विचारले. "वडिलांच्या नावाची हाये, म्हणून इचारलं."

बिभीषणने घोंगडी आणखी ओढून घेतली.

"गाठीवर कशानं मारलं?"

"रंध्यानं."

"ते कळलं. कोणत्या?"

"माझ्या."



पुढच्या दिवसांत मला दोन्ही घरांतून बातम्या मिळत होत्या, कारण दोघी बहिणी माझ्यापासून काही लपवत नाहीत. रामप्रसाद सारखा त्या गाठीबद्दल बोलतो, असे चांगुणाबाईने सांगितले. तो दोनदा काहीतरी निमित्त काढून वस्तीवर जाऊन आला. "बाई, ह्यांनी उमरभर खुर्च्या केल्या," ती म्हणाली. "पण ह्यांच्या हातची एक खुर्ची दाखवा म्हटलं तर कुठं दाखवणार? कोणाच्या घरात गेल्या, कोण बसतं, देवाला ठावं. भाऊजींचं कसं, गावात चार पावलं चाललं की एक दार. हे मोजत जात्यात, मला माहीत हाये." म्हणजे समोरच्या शेडमध्येही कोणी तरी जळत होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

इकडे बिभीषणचे निराळेच चालले होते. त्याला सुख लागत नव्हते. गिऱ्हाइके येऊन दार चांगले झाले म्हणत, तो मान हलवी. त्याने गाठीचा विषय काढला तरी ते म्हणत, "हो, गाठ हाये." त्यांना ती गाठ म्हणजे गाठ होती. तिथे लाकूड उपटायला हवे होते आणि उपटले नाही, हे त्यांना कसे दिसणार? मी हात फिरवून "जमलं" म्हणाले होते, पण माझा हात खडूचा. साऱ्या पंचक्रोशीत ही गोष्ट कळू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो समोर पत्र्याखाली सुपारी चघळत बसला होता.

आठवडाभर त्याने कळ काढली. मग एका दुपारी, मी आणि चांगुणाबाई तिच्या अंगणात चिंचा फोडत बसलो होतो, तेव्हा बिभीषण रस्ता ओलांडून आला. त्या शेडमध्ये तो पहिल्या दिवसानंतर कधी गेला नव्हता. हातात फडके होते.

रामप्रसाद उठून उभा राहिला. "या, साडूभाऊ. च्या टाकायला सांगू?"

"च्या नको." त्याने फडके बाकावर उघडले. "इचारत होते ना. हे घ्या."

रामप्रसादने हात सदऱ्याला पुसले. हत्याराऐवजी त्याला हात पुसताना मी तेव्हाच पाहिले. त्याने पाते उचलले, आधी उतार पाहिला, त्यात काही नवे नव्हते. मग पालथे केले. शेडच्या दाराशी आला. उजेडात पाते हळूहळू फिरवले, आणि ती केसाएवढी रेघ एका कोनात आली तशी चमकली.

चांगुणाबाईने चिंच फोडणे थांबवले.

"पाठीला दिला," तो शेवटी म्हणाला.

"पाठीला दिला."

"वडिलांचं पातं ना हे?"

"त्यांचंच."

रामप्रसादने अंगठा त्या रेघेपर्यंत नेला आणि न लावता मागे घेतला. "मी तीस वरीस दोन रंधे घेऊन हिंडलो," तो म्हणाला. "गाठीला हा, फळीला तो. एकालाच दोन्ही कामं लावायची हे मला सुचायला पाहिजे होतं. मला. पुण्याला शिकलेल्या माणसाला." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला खरेच लागले होते, आणि ते लपवायला त्याला सुपारीही सापडत नव्हती. "आजच्या दिवस ठेवता का माझ्याजवळ? सकाळी देतो."

"न्हाई," बिभीषण म्हणाला.

त्याने पाते घेतले, सावकाश चारी बाजूंनी फडके दुमडले आणि रस्ता ओलांडला. त्याची चाल पाहून मला शाळेच्या बक्षीस समारंभातली मुले आठवली, मंचावरून उतरताना पळायचे नाही असे ज्यांना बजावलेले असते. घरी जाऊन त्याने दुर्गाबाईला जेवायला वाढायला सांगितले. दुपारचे तीन वाजले होते आणि तो एकदा जेवलेला होता.

"काय झालं?" तिने विचारले.

"जळला," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

ते समाधान दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले. सकाळी समोरच्या शेडमधून दगडाचा आवाज यायला लागला. थोडे घासणे, मग बराच वेळ शांतता, पुन्हा थोडे. बिभीषण चहाची बशी हातात धरून दाराशी उभा होता. चहावर साय आली तरी त्याने बशी तोंडाला लावली नाही.

"लोखंडी रंध्याचंच पातं घासून राह्यला, का लाकडी रंधा कुठून आणला?" त्याने विचारले. मला नाही, रस्त्यालाच. मग आत वळून हाक मारली, "ए, ऐकलं का? बहिणीकडं जाऊन ये जरा."

"कशाला?" दुर्गाबाई आतून म्हणाली.

"विरजण माग."

"विरजण हाये घरात."

"तरी माग," बिभीषण म्हणाला. "आन येताना बाकावर काय पडलंय ते नीट बघून ये."